कोर्टात मुलाच्या शेजारी कोण? पुण्यातल्या 'सपोर्ट पर्सन' सेवेचा आढावा

पुण्यात ज्या मुलाचं प्रकरण पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) विशेष न्यायालयात चालू आहे, त्याला पहिल्या जबाबापासून निकालापर्यंत सोबत करणारं एक माणूस मोफत मिळू शकतं. नियमांत त्याला सहायक व्यक्ती म्हटलंय, पण पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे 'सपोर्ट पर्सन'च म्हणतात. प्रतिपालक कुटुंबात (आईवडील सांभाळू शकत नाहीत म्हणून मूल ज्या दुसऱ्या घरी ठेवलं जातं तिथे) किंवा बालगृहात राहणाऱ्या मुलांसाठी ही सेवा किती उपयोगी आहे आणि ती कुठे अडते, हे प्रतिपालकांना आणि या कामात येऊ पाहणाऱ्यांना कळावं म्हणून हा आढावा.

आमचं मत आधीच सांगतो. माणूस चांगला मिळाला तर साक्षीच्या दिवशी या सेवेला तोड नाही. दोन तारखांच्या मधल्या काळात ती ढिली पडते. आणि ज्या मुलाच्या बाबतीत गुन्हा घडलेला नाही, जे आईवडील सांभाळू शकत नाहीत म्हणून दुसऱ्या घरी राहतंय, त्याच्यासाठी असा हक्काचा माणूस कायद्याने ठेवलेलाच नाही. ही उणीव आम्हाला सगळ्यांत मोठी वाटते.

अमेरिकेत नेमकी हीच जागा स्वयंसेवक भरतात. 1977 साली सिअ‍ॅटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी ती पद्धत सुरू केली. मुलाला कुठे ठेवायचं याचा निर्णय द्यायचा, पण मुलाच्या बाजूने पुरेशी माहिती समोर नाही, ही त्यांची अडचण होती. तिथे सर्वसामान्य नागरिक साधारण 30 तासांचं प्रशिक्षण घेतात, एका वेळी एकाच मुलाचं किंवा एकाच घरच्या भावंडांचं काम हातात घेतात, शाळेत, दवाखान्यात, प्रतिपालक घरी जाऊन चौकशी करतात आणि न्यायाधीशांना लेखी अहवाल देतात. तो स्वयंसेवक वकील नसतो आणि सरकारी नोकरही नसतो. प्रकरण संपेपर्यंत तो बदलत नाही, हा त्या पद्धतीचा कणा.

आपल्याकडे बाल न्याय कायदा, 2015 मधल्या कलम 44 नुसार प्रतिपालकत्वाचा आदेश बालकल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. शक्यतो भावंडं एकत्र ठेवायची, दर महिन्याला प्रतिपालक घराची पाहणी करायची, आईवडिलांना भेटू द्यायचं की नाही ते ठरवायचं, हे सगळं त्या कलमात आहे. घराची पाहणी, मुलाचा अभ्यास, हमीपत्र, मासिक तपासणी, प्रत्येकासाठी ठरलेला नमुना आहे. कागदांची कमतरता नाही. मात्र जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या एकाच सामाजिक कार्यकर्त्याकडे अनेक मुलं असतात, म्हणून घरभेट पंधरा-वीस मिनिटांत उरकते. जेवण, कपडे, शाळा या रकान्यांसमोर बरोबरच्या खुणा होतात आणि मुलाला काय वाटतं त्या ओळीत 'समाधानी' एवढाच शब्द येतो. तो शब्द वाचून समितीला काहीच कळत नाही.

पॉक्सोच्या प्रकरणात चित्र बरंच बरं आहे. 2020 च्या पॉक्सो नियमांप्रमाणे पोलिसांकडून माहिती मिळाल्यावर समिती मूल आणि पालक यांच्या संमतीने सपोर्ट पर्सन देऊ शकते. अशी व्यक्ती मिळू शकते हे प्रत्येक मुलाच्या घरच्यांना सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलं. नेमणूक झाली की पोलिसांनी 24 तासांत विशेष न्यायालयाला लेखी कळवायचं असतं. बहुतेक घोटाळे इथेच होतात. समितीच्या आदेशावर नाव असतं, पण कोर्टाच्या फाइलमध्ये ते पोहोचत नाही. मग साक्षीच्या दिवशी दारातला शिपाई विचारतो, 'तुम्ही कोण?', आणि पहिला अर्धा तास ओळख पटवण्यात जातो. म्हणून नेमणुकीच्या आदेशाच्या दोन झेरॉक्स कायम जवळ ठेवाव्यात आणि साक्षीच्या आधीच्या तारखेलाच सरकारी वकिलांमार्फत त्यातली एक फाइलला लावून घ्यावी.

साक्षीचा दिवस ही या सेवेची खरी कसोटी. चांगला सपोर्ट पर्सन मुलाला आठवडाभर आधी रिकाम्या कोर्टरूममध्ये नेऊन आणतो. न्यायाधीश कुठे बसतात, टंकलेखक कुठे, तू कुठे बसणार, आरोपी तुला दिसणार नाही यासाठी काय सोय आहे, सगळं दाखवतो. पॉक्सो कायद्याच्या कलम 36 प्रमाणे साक्षीच्या वेळी मूल आरोपीच्या समोर येता कामा नये. पडदा, व्हिडिओ जोडणी किंवा एकतर्फी काच, जी सोय असेल ती आधी विचारून ठेवायची. कोर्टरूमच्या आत हे सहसा पाळलं जातं. प्रश्न व्हरांड्यात येतो. आरोपीचे नातेवाईक त्याच बाकांवर बसलेले असतात आणि मूल आत जाण्याआधीच गळाठतं. मुलाला व्हरांड्यात थांबवू नये. शिवाजीनगरच्या न्यायालयात पोहोचल्यावर प्रतीक्षेची वेगळी खोली आधी विचारावी. ती मोकळी नसेल तर मुलाला आवारापासून थोडं दूर ठेवावं, पुकारा जवळ आल्यावर कोर्टातून फोन करावा आणि मगच मुलाला आत न्यावं. या कामाला दोन माणसं लागतात: एक कोर्टात, एक मुलापाशी. प्रतिपालक आई किंवा मावशी सोबत असली तर हे सहज जमतं. मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं माणूस साक्षीच्या वेळी जवळ बसू शकतं, हे कायद्यातच आहे. त्यामुळे प्रतिपालकांनी 'आम्ही काही सख्खे नाही' म्हणून मागे राहू नये.

पाण्याची बाटली, कोरडा खाऊ, लहान मुलासाठी कपड्यांचा एक जोड, चित्रांची वही, एवढं बरोबर असावं. मुलाने सकाळी नीट जेवून निघावं, कारण अकराला बोलावलं तरी नंबर दुपारनंतर लागू शकतो. उलटतपासणीचे प्रश्न वकील मुलाला थेट विचारत नाहीत. ते न्यायाधीशांना सांगतात आणि न्यायाधीश मुलाला विचारतात. मधे विश्रांती मागता येते. मूल दमलंय हे न्यायाधीशांच्या लक्षात आणून देणं हे सपोर्ट पर्सनचं काम, आणि जो संकोचून गप्प बसतो तो तिथे बसून न बसल्यासारखाच.

सपोर्ट पर्सनने कधीही करू नये अशी एक गोष्ट आहे. घटनेबद्दल मुलाशी उजळणी करायची नाही. 'परवा काय सांगितलं होतंस, आठव' एवढं वाक्यही पुरतं. उलटतपासणीत 'ताईने घरी काय सांगितलं?' असा प्रश्न येतो, मूल खरं तेच उत्तर देतं आणि साक्ष पढवलेली ठरवायला आरोपीच्या वकिलाला आयता आधार मिळतो. प्रक्रिया समजावून सांगायची, हकिकतीला हात लावायचा नाही. स्वतःचा जबाब वाचायचा असेल तर तो सरकारी वकिलांच्या समोर वाचला जाईल. मनापासून काम करणारे लोकच इथे चुकतात, कारण त्यांना मुलाची काळजी असते.

प्रतिपालक घरी राहणाऱ्या मुलांच्या बाबतीत एक खास अडचण येते, आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. फिर्यादीत मुलाचा जुना पत्ता असतो. मूल हडपसरहून कोथरूडला किंवा एका घरातून दुसऱ्या घरात जातं, पण समन्स जुन्याच पत्त्यावर जातं. तिथे कोणी भेटत नाही, 'साक्षीदार मिळून आला नाही' असा शेरा पडतो आणि पुढची तारीख लागते. असं दोनदा झालं तर वर्ष निघून जातं. विशेष न्यायालयाने शक्यतो एका वर्षात खटला संपवावा, असं पॉक्सो कायद्याचं कलम 35 म्हणतं. मूल हललं की त्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी कळवावं. मात्र अर्जात प्रतिपालकांचा पत्ता उघड लिहू नये, तो आरोपीच्या बाजूलाही दिसू शकतो. समन्स जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पाठवावं, अशी विनंती करावी. पुढची तारीख ई-कोर्ट्स अ‍ॅपवर प्रकरणाच्या सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकाने बघता येते. तो क्रमांक पहिल्याच दिवशी टिपून घ्यावा.

सपोर्ट पर्सनचा मासिक अहवाल ही या सेवेची दुसरी बाजू. खटला संपेपर्यंत समितीने तो मागवायचा असतो. त्यात मुलाची तब्येत, मनाची अवस्था, घरातलं वातावरण आणि शाळा यावं, अशी अपेक्षा आहे. आमच्या पाहण्यात चांगला अहवाल दीड पानांचा असतो आणि त्यात तारखा असतात. 'अभ्यासात रस नाही' असं लिहिल्याने काही हलत नाही. 'जूनपासून आठ दिवस गैरहजर, जुन्या शाळेने दाखला दिलेला नाही, म्हणून नव्या शाळेत नाव हजेरीपटावर नाही' असं लिहिलं तर समिती त्याच बैठकीत शाळेला पत्र काढू शकते. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, अवतरणात लिहावं. लहान भावाला भेटायचंय, रात्री दिवा चालू हवा, आईचा फोन शनिवारी येतो तो बंद करू नका. या ओळी इतर कुठल्याच कागदावर येत नाहीत.

पैशांच्या बाबतीत लोक हक्काचं मागत नाहीत. मुलाला तातडीने अन्न, कपडे, प्रवास यासाठी रक्कम हवी असेल तर पॉक्सो नियमांत विशेष मदतीची तरतूद आहे. समितीने शिफारस केली की ती पोहोचल्यापासून एका आठवड्यात पैसे द्यायचे असतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा 4000 रुपये ठरलेले आहेत. राज्याच्या बालसंगोपन योजनेत दरमहा 2250 रुपये मिळतात, आणि तिथे मूल बहुतेकदा नातेवाइकांकडे किंवा एकल पालकाकडे असतं. दोन्हीकडे आधार आणि बँक खातं यात नावाचं स्पेलिंग जुळलं नाही की रक्कम अडकते. मूल घरी येताच आधी तेवढं तपासावं. नुकसानभरपाईचा आदेश विशेष न्यायालय देतं आणि रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळते. मोफत वकील आणि विधी स्वयंसेवकही (कायदेशीर मदतीचं प्रशिक्षण घेतलेले नागरिक) तिथूनच मिळतात.

जी सेवा आहे तिचा मोठा दोष म्हणजे माणूस मध्येच बदलणं. समाजकार्याचे विद्यार्थी उत्साहाने येतात, सत्र संपलं की जातात. संस्थेतला प्रकल्प संपतो, कार्यकर्ती दुसऱ्या नोकरीला लागते. मूल मात्र तेच असतं आणि नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायला त्याला पुन्हा बसवलं जातं. यावर साधा उपाय आहे. जाणाऱ्याने येणाऱ्यासोबत मुलाला निदान दोनदा भेटावं, आणि आतापर्यंतचे अहवाल, पुढची तारीख, औषधं, समुपदेशकाचं वेळापत्रक असा एक ताव हाती द्यावा. संस्था हे करत नसेल तर समितीपुढे तसं सांगावं.

स्वयंसेवक म्हणून यायचं असेल तर हेही माहीत हवं. सपोर्ट पर्सनसाठी समाजकार्य, मानसशास्त्र, समाजशास्त्र किंवा बालविकास यातली पदव्युत्तर पदवी, किंवा पदवीसोबत मुलांच्या क्षेत्रातला तीन वर्षांचा अनुभव धरला जातो. या कामाचं मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावं, असं नियमच सांगतात. फुकट काम करा असं कोणी म्हटलं तर ते नियमाला धरून नाही. पात्रता नसलेल्यांना विधी स्वयंसेवक म्हणून किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत येता येतं. महिन्याचे चार दिवस मोकळे नसतील, त्यातले काही कामाच्या वारी, तर हे काम घेऊ नये. मुलाचा फोटो, नाव, शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं गुन्हा आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. 'चेहरा झाकलाय' ही सबब चालत नाही.

आता प्रतिपालकांसाठी. मुलाच्या प्रकरणात पॉक्सो नसला तरी समितीला साधा अर्ज करता येतो: या मुलासाठी एक ठरावीक व्यक्ती नेमावी, तिचं नाव मुलाच्या वैयक्तिक देखभाल आराखड्यात (त्याच्या देखभालीच्या लेखी योजनेत) लिहावं आणि प्रत्येक आढाव्याला तिचं म्हणणं ऐकावं. कायद्यात असं पद नाही, पण आराखड्यात नाव लिहायला कसली आडकाठीही नाही, आणि मागितल्याशिवाय ते लिहिलं जात नाही. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्यावा, एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. मूल समजत्या वयाचं असेल तर कोण हवं ते त्यालाच विचारावं. पॉक्सोच्या प्रकरणात नेमलेल्या व्यक्तीशी मुलाचं जमत नसेल तर ती बदलून मागता येते आणि त्यासाठी मुलाने कारण सांगण्याची गरज नाही. समिती महिन्यात किमान वीस दिवस बसते. आपल्या भागाची समिती कुठे आणि किती वाजता बसते, ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात किंवा 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर विचारून घ्यावं, आणि शाळेची परीक्षा नसेल असा दिवस मागून घ्यावा.