'आयुर्वेदिक' कॅप्सूलने वजन उतरलं, आणि तिथेच मी फसले

आमच्याच बिल्डिंगमध्ये अजून दोघीतिघी हेच घेत होत्या म्हणून सगळं लिहितेय.

वजन ८४ किलो, गुडघे दुखायचे, बीपीची गोळी चार वर्षांपासून चालू. नेहमीच्या पार्लरवाल्या ताईंनी एक बाटली दाखवली, ६० कॅप्सूल, ३,२०० रुपये, पूर्ण आयुर्वेदिक. मी मुद्दाम विचारलं, बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना, तर म्हणाल्या, "अगं जडीबुटी आहे, त्याने काय होतंय!" पैसे यूपीआयने दिले, बिल मागितलंच नाही.

आणि गुण आला हो. तिसऱ्या दिवसापासून भूकच मेली, दुपारचा डबा तसाच घरी यायचा, पंधरा दिवसांत साडेतीन किलो उतरलं, सगळ्या विचारायला लागल्या आणि मी कौतुकाने धाकट्या जावेलाही एक बाटली आणून दिली, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. तोंड सारखं कोरडं पडायचं, रात्री दोन दोन वाजेपर्यंत झोप नाही, मला वाटलं वजन उतरतंय म्हणून होत असेल.

मग एका रात्री छाती इतकी धडधडायला लागली की उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येत होते. हॉस्पिटलमध्ये बीपी निघालं १८०/११०. डॉक्टरांनी विचारलं, दुसरं कुठलं औषध चालू आहे का, मी नाही म्हणाले. लपवायचं नव्हतं, पण ते औषध आहे हे डोक्यातच आलं नाही. मिस्टरांनी घरून बाटली आणली. डॉक्टरांनी एक कॅप्सूल उघडून कागदावर ओतली, आत पांढरी भुकटी, वास कसलाच नाही. आमच्या घरी त्रिफळा चूर्ण आहे, नुसतं झाकण काढलं तरी वास येतो. लेबलवर लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. हे मी आधी का नाही बघितलं?

जावेची बाटली नशिबाने सीलबंद होती, ती अन्न व औषध प्रशासनाकडे दिली. रिपोर्टमध्ये सिब्युट्रामिन आलं.

हे भूक मारणारं औषध अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं होतं. पुढे हृदयविकाराचा धोका असलेल्या जवळजवळ दहा हजार लोकांवर अभ्यास झाला, त्यात हे घेणाऱ्यांमध्ये हार्ट अटॅक, पक्षाघात अशा घटना १६ टक्क्यांनी जास्त दिसल्या. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेत ते बाजारातून गेलं आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतात बंदी आली. आणि ते कायदेशीर विकलं जायचं तेव्हासुद्धा बीपी ताब्यात नसलेल्यांना द्यायचं नाही असंच होतं! म्हणजे मला जो गुण आला तो जडीबुटीचा नव्हताच, बंदी घातलेल्या औषधाचा होता.

तक्रार केल्यावर ताई म्हणतात, माल वरून येतो, मी फक्त देते, आणि वर, तूही जावेला दिलीसच की. त्यावरून माझाही जबाब घेतला गेला. मी एक रुपया कमावला नव्हता, तरी सगळं परत परत सांगावं लागलं. बिल नसल्यामुळे यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट कामाला आले, कारण त्यांनी मेसेज नंतर डिलीट केले. आणखी एक कळलं, लठ्ठपणा घालवणारं औषध म्हणून जाहिरात करणं हाच १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याखाली गुन्हा आहे, मग औषध आयुर्वेदिक असो की नसो.

कोणाकडे अशी बाटली असेल तर फेकू नका, सील फोडू नका. आणि घेत असाल तर आजच बंद करून बाटलीसकट डॉक्टरकडे जा, बीपी, शुगर किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरकडे जायला अजिबात उशीर करू नका. त्रास झाला असेल तर १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल फ्री नंबरवर कळवता येतं.

मला ताईंनी ब्लॉक केलंय. परवा शेजारणीने त्यांचा स्टेटस दाखवला, नवीन बाटली आली आहे. आधी झाकण पिवळं होतं, आता हिरवं आहे आणि लेबलवर तुळशीचं पान छापलंय.