रस्त्यावरही आणि ट्रॅकवरही: फेरोडो डीएस२५०० ब्रेक पॅडची दोन वर्षे

पुण्यात राहणाऱ्या माणसाला आपली गाडी मोठ्या सर्किटवर मनसोक्त चालवायची असेल, तर त्याला चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला किंवा कोइंबतूरजवळ चेट्टिपाळयमला जावे लागते. एका बाजूचा प्रवासच अकराशे-बाराशे किलोमीटरांचा होतो. ट्रेलरवर गाडी नेणे आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचे असते, म्हणून गाडी चालवत न्यायची, तिथे दिवसभर पळवायची आणि चालवतच घरी आणायची. ट्रॅकवरच्या चाळीस-पन्नास मिनिटांसाठी दोन हजारांहून अधिक किलोमीटर रस्ता कापायचा आणि या दोन्ही कामांत ब्रेकने दगा द्यायचा नाही, अशी आमची गरज आहे. ती गरज समोर ठेवूनच हे परीक्षण लिहीत आहे, कारण ज्यांना ट्रॅक घराजवळ आहे त्यांचे उत्तर कदाचित वेगळे निघेल.

माझी गाडी टर्बो पेट्रोल हॅचबॅक आहे. वजन चालकासह सुमारे १२०० किलो, पुढे हवेशीर डिस्क आणि मागे ड्रम. पुढच्या चाकांवर मी आतापर्यंत तीन प्रकारचे पॅड, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबून चाक रोखणारे तुकडे, वापरले. पहिल्या दोन प्रकारांनी मला जे शिकवले त्याशिवाय तिसऱ्याचे मोल कळणार नाही, म्हणून आधी त्यांच्याविषयी.

पहिल्या फेरीला मी नेहमीच्या दुकानातून घेतलेले साधे पॅड लावून गेलो होतो. रोजच्या वाहतुकीत आणि ताम्हिणी घाटात त्यांच्याविषयी माझी कधीही तक्रार नव्हती. इरुंगाट्टुकोट्टैचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट ३.७ किलोमीटरांचे आहे; पहिल्या तीन फेऱ्या उत्तम गेल्या, आणि चौथ्या फेरीत सरळ पट्टा संपताना ब्रेकवर पाय दिला तेव्हा पॅडल दगडासारखे घट्ट लागले, पण गाडीचा वेग मात्र हवा तसा उतरेना. वळणाबाहेरची जागा मोकळी होती म्हणून निभावले. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवण्याच्या जागेत, आल्यावर गाडीभोवती जळक्या राळेचा उग्र वास पसरला होता. रात्री चाक काढून पाहिले, तर पॅडच्या कडा राखाडी-पांढऱ्या पडून भुसभुशीत झाल्या होत्या, नखाने खरवडले की भुगा निघत होता, आणि मागच्या लोखंडी पट्टीवरचा रंग फुगून सुटला होता.

असे का झाले, याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. १२०० किलोंची गाडी ताशी १०० किलोमीटरांवरून पूर्ण थांबवायची तर ब्रेकना सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. तीच गाडी १५० वरून ७० वर आणायची, म्हणजे थांबवायचीही नाही, तर ही ऊर्जा ८१५ किलोज्यूलपर्यंत जाते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे काम तीनेक सेकंदांत होते आणि डिस्क निवण्याआधीच पुढचे वळण येते. याउलट चार माणसे बसवून महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो, तर सुमारे १३०० मीटर उंची खाली येताना १७ हजार किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा विरते. म्हणजे अख्ख्या घाटाची ऊर्जा आणि ट्रॅकवरच्या वीसेक कडक ब्रेकांची ऊर्जा जवळपास सारखीच! फरक इतकाच, की घाटात ती तासाभरात पसरते आणि योग्य गिअरमध्ये उतरले तर तिचा मोठा वाटा इंजिन आणि हवा उचलतात. ट्रॅकवर ती वीस मिनिटांत बहुतांशी पुढच्या दोन डिस्कांवर येऊन पडते. म्हणून घाटात चांगला ठरलेला पॅड ट्रॅकवर चालेलच, असे गृहीत धरणे चुकीचे आहे. मी ते गृहीत धरले होते.

दुकानात पॅड घेताना लोक त्याच्या कडेवर छापलेली दोन अक्षरे पाहतात. पहिले अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचे आणि दुसरे गरम अवस्थेतल्या घर्षणाचे. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. ही माहिती उपयोगी आहे, पण ज्या चाचणीवरून ही अक्षरे मिळतात तिच्यातली गरम अवस्था साधारण साडेतीनशे अंश सेल्सिअसपाशी संपते, आणि ट्रॅकवर डिस्क त्याच्या पुष्कळ वर सहज जाते. त्यामुळे दोन्ही अक्षरे एफ असलेला पॅड पाचशे अंशांवर कसा वागेल, हे ती अक्षरे सांगत नाहीत. त्यासाठी उत्पादकाने दिलेला घर्षण आणि तापमान यांचा आलेख मागावा. जो विक्रेता तो दाखवू शकत नाही त्याच्याकडून ट्रॅकसाठी पॅड घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या फेरीला मी उलट्या टोकाला गेलो आणि निव्वळ शर्यतीसाठी बनवलेले पॅड लावले. ट्रॅकवर ते अप्रतिम होते. शेवटच्या फेरीतली पकड तिसऱ्या फेरीतल्या पकडीसारखीच होती. खरी परीक्षा परतीच्या वाटेवर झाली. हुबळीला मुक्काम करून पहाटे निघालो, हवेत गारवा होता, आणि मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास ब्रेकला पाय लावण्याची वेळ आली नाही. मग टोलनाका आला. नेहमीच्या अंदाजाने ब्रेक दाबला तर गाडी पुढेच सरकत राहिली. पायाचा सगळा जोर लावला तेव्हा पुढच्या ट्रकच्या मागच्या पट्टीपासून हातभर अंतरावर थांबली. शेजारी पत्नी होती. ती काही बोलली नाही, पण तिचा हात डॅशबोर्डवर घट्ट रोवलेला होता. पॅडमध्ये काही बिघाड नव्हता, तो ज्या तापमानासाठी बनवलेला होता त्याच्या कितीतरी खाली मी त्याच्याकडून काम मागत होतो. त्या सकाळपासून पॅड निवडताना मी पहिला प्रश्न एकच विचारतो: थंड डिस्कवर, पहिल्याच दाबाला, हा पॅड काय करतो? सर्वात गरम अवस्थेतले आकडे त्यानंतर. ट्रॅकवर कमी पडलेला पॅड आधी सूचना देतो आणि तिथे आपण हेल्मेट घालून, मोकळ्या जागेत असतो. रस्त्यावर थंड पडलेल्या पॅडपुढे मात्र शाळेत निघालेले मूल असू शकते.

तिसरा संच फेरोडो डीएस२५०० चा घेतला आणि गेली दोन वर्षे तोच गाडीवर आहे. फेरोडो हे नाव इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या हर्बर्ट फ्रूड यांच्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यात एका अक्षराची भर घालून तयार झाले. १८९७ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे आयुष्यच घर्षणाच्या मालात गेले आहे. डीएस२५०० साठी कंपनी २० ते ५०० अंश सेल्सिअस ही कामाची मर्यादा आणि सरासरी ०.४२ इतके घर्षण सांगते. मला यातला वरचा आकडा नव्हे, तर खालचा २० महत्त्वाचा वाटला.

तो आकडा रोजच्या वापरात खरा उतरतो का, हे पाहण्यासाठी मी डिसेंबरच्या सकाळी, रात्रभर उभी असलेली गाडी सोसायटीच्या उतारावरून बाहेर काढताना मुद्दाम लक्ष दिले. पहिल्या दाबाला साध्या पॅडपेक्षा किंचित अधिक जोर लागतो, पण पकड लगेच येते आणि दुसऱ्या दाबापासून फरक जाणवत नाही. पावसाळ्यात मुळशीच्या रस्त्यावर डिस्क ओली असतानाही पहिला दाब वाया गेला नाही. मला सर्वाधिक आवडलेली गोष्ट मात्र पकडीची प्रमाणबद्धता आहे: पाय जितका दाबावा तितकाच ब्रेक लागतो आणि पाय हलका करताच तो तितकाच सुटतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडायचा असतो, तेव्हा या गुणाची किंमत कळते. सिग्नलला गाडी धक्का न बसता थांबते, हा त्याच गुणाचा घरच्यांना मिळणारा लाभ.

ट्रॅकवर माझी पद्धत आता ठरली आहे. पहिली फेरी गरम होण्यासाठी, मग पाच-सहा जोरदार फेऱ्या, शेवटची फेरी शक्यतो ब्रेक न लावता डिस्क निववण्यासाठी. या क्रमाने डीएस२५०० ने चेन्नईत दोन वेळा दिवसभर साथ दिली आणि पॅडल एकदाही घट्ट-बोथट झाले नाही. गाडी वजनदार असेल, इंजिन दोनशे अश्वशक्तींच्या पुढचे असेल किंवा अर्धा तास सलग पळवायची असेल, तर पाचशे अंशांची मर्यादा अपुरी पडेल. अशा गाडीच्या मालकाने दोन संच बाळगावेत आणि ट्रॅकवर पोहोचल्यावर पॅड बदलावेत. सवय झाली की पुढची दोन्ही चाके तासाभरात होतात. कॅलिपरमधला, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला, पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहत नाही ना, तेवढे पाहावे, कारण ते ऑइल गाडीचा रंग उतरवते.

आवाज आणि काजळी यांविषयी आधीच मनाची तयारी असावी. ट्रॅककडे झुकणाऱ्या बहुतेक पॅडमध्ये धातूचे प्रमाण आणि कडकपणा जास्त असतो, त्यामुळे हळू वेगात बारीक किंचाळी, रिमवर काळा थर आणि डिस्कची अधिक झीज हे सगळे त्या वर्गाबरोबर येतेच. ज्यांना शांतता हवी आहे आणि ट्रॅकवर जायचेच नाही, त्यांच्यासाठी सिरॅमिक प्रकारचा चांगला पॅड अधिक योग्य. किंमत साध्या पॅडच्या कित्येक पट आहे. युरोपात बदली पॅडसाठी आर९० हा नियम आहे, त्यात पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावी लागते. फेरोडोच्याच डीएस परफॉर्मन्स या सौम्य प्रकाराला ती मान्यता आहे. वर्षातून एखादाच घाट जोरात चालवणाऱ्याने डीएस२५०० वर पैसे घालण्याऐवजी तोच घ्यावा.

पॅडइतकेच, किंबहुना आधी, ब्रेक ऑइलकडे पाहावे, हे मी आग्रहाने सांगतो. पॅडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून निकामी झाला आहे. पॅडल मऊ होऊन खाली जाते, तर ऑइल उकळले आहे. दुसरा प्रकार जास्त भयानक, कारण वाफ दाबली जाते आणि कॅलिपरपर्यंत जोर पोहोचतच नाही. डॉट ४ दर्जाचे ताजे ऑइल किमान २३० अंशांवर उकळावे असा नियम आहे, पण ते हवेतले पाणी शोषते आणि पाणी मुरलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. कोकणच्या वाटेवर सतत फिरणाऱ्या गाडीला हे लवकर लागू होते. एका गॅरेजने मला तीन वर्षांचे, चहासारखे तपकिरी झालेले ऑइल दाखवून ‘अजून चालेल’ असे सांगितले होते. मी ते ऐकले नाही. आता ताज्या अवस्थेत ३१२ अंशांवर उकळणारे मोटुल आरबीएफ ६०० दर वर्षी, ट्रॅकच्या फेरीआधी भरतो.

नवा पॅड बसवल्यावर तो डिस्कवर मुरवणे हे काम बहुतेक गॅरेजे करत नाहीत, आणि नंतर ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणून गाडी परत येते. पुष्कळदा डिस्क वाकडी नसते, तिच्यावर पॅडच्या मालाचा थर कमी-जास्त बसलेला असतो. मी रविवारी पहाटे, मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून, औद्योगिक वसाहतीतल्या मोकळ्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावले, दर वेळी आधीपेक्षा थोडे जोरात, पण गाडी पूर्ण थांबू न देता. मग दहा-बारा किलोमीटर जवळपास ब्रेक न वापरता चालवून डिस्क निववली. गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहिले की पॅडचा ठसा तिथेच उमटतो. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावायची सवयही याच कारणासाठी आहे. मागचे ड्रमही तोपर्यंत चांगलेच तापलेले असतात.

या पॅडमुळे गाडी कमी अंतरात थांबते का, असे मला अनेक जण विचारतात. एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरेपर्यंत ब्रेक लागत असेल तर मर्यादा टायरची आहे, पॅड बदलून पहिल्या थांबण्यात काहीही मिळणार नाही. मिळते ते विसाव्या थांबण्यात. टायर जुने असतील तर हे पैसे आधी तिथे घालावेत.

दोन वर्षांनी, सुमारे चौदा हजार किलोमीटर आणि ट्रॅकचे दोन दिवस झाल्यावर, गेल्या आठवड्यात मी पॅड काढून व्हर्नियरने मोजले. बाहेरच्या पॅडवर ७ मिलिमीटर आणि आतल्यावर ६ मिलिमीटर माल शिल्लक आहे. रस्त्यासाठी हे भरपूर आहे, पण पातळ झालेला पॅड उष्णता कॅलिपरकडे लवकर पोहोचवतो, म्हणून अर्ध्याच्या खाली उतरलेल्या पॅडवर मी ट्रॅकवर जात नाही. आतला पॅड जास्त झिजला आहे, म्हणजे कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकत असाव्यात. त्या काढून, साफ करून, उच्च तापमानाचे ग्रीस लावून बसवायच्या आहेत. हा संच यापुढे घाटासाठी राहील आणि जानेवारीतल्या चेन्नईच्या फेरीसाठी मी डीएस२५०० चाच नवा संच मागवला आहे.