एका इडलीचे १२९८ रुपये: हॉटेल मेंबरशिपचा 'फुकट नाश्ता', चौदा महिन्यांनंतर

साखळीचं नाव लिहीत नाही, बिलाचा वाद अजून ईमेलवर चालू आहे. पॉइंट, अपग्रेड, लेट चेकआउट याबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मी फक्त नाश्त्याबद्दल बोलणार.

गोव्याला मी, बायको आणि आई. ईपी दराने, म्हणजे नुसती खोली घेतली. नाश्ता काय, मेंबरशिपवर आहेच. आईसाठी जादा बेड, त्याचे पैसे वेगळे. सकाळी रेस्टॉरंटच्या दारात यादी घेऊन एक मुलगी उभी. "सर, टू पॅक्स ओन्ली." म्हणजे दोनच माणसं. बरं म्हटलं, बघू नंतर. आईने खाल्लं काय? एक इडली, सांबार नको, अर्धा कप चहा. चेकआउटला बिलात ११०० अधिक १८ टक्के जीएसटी: १२९८. बायको म्हणाली, सोडून दे. मी कसला सोडतोय!

डेस्कवर पाऊण तास गेला. आईचं आधार तुम्हीच स्कॅन केलंत ना, मग ती पाहुणी नाही का? "सर, मेंबर प्लस वन." चार वेळा विचारलं, चार वेळा तेच उत्तर.

घरी येऊन नियम उघडले. तसंच लिहिलंय: सभासद आणि त्याच खोलीतली आणखी एक व्यक्ती. म्हणजे चूक माझी. निम्मी तरी. कारण जानेवारीत कोचीला, ह्याच साखळीत, आम्ही हेच तिघं तीन दिवस जेवल्यासारखा नाश्ता केला आणि कोणी हूं की चूं केलं नाही. उलट तिथल्या शेफने आईला अप्पम गरम करून आणून दिलं. मग नियम कुठला खरा? यादी कोणाच्या हातात आहे, त्यावर सगळं. पन्नाशीच्या माणसाने दारात उभं राहून आईच्या इडलीसाठी अजिजी करायची, हा कसला मान?

दुसरीकडेही आनंदच आहे. हयातमध्ये ग्लोबलिस्टला, म्हणजे वरच्या दर्जाच्या सभासदाला, दोन मोठे आणि दोन मुलं चालतात, पण त्यासाठी वर्षाला ६० रात्री काढा. मॅरियटला ५० रात्रींनी प्लॅटिनम दर्जा मिळतो, तरी त्यांच्याच रिट्झ-कार्लटनमध्ये नाश्ता त्यात धरत नाहीत. हिल्टनने तर अमेरिकेत २०२१ पासून नाश्त्याऐवजी खाण्यापिण्याचं क्रेडिट सुरू केलं. त्यात दोघांचं भागत नाही, अशी तिथल्या मंडळींची ओरड.

मग वही काढली. चौदा महिन्यांत ५८ रात्री, त्यातल्या ४९ ऑफिसच्या. कंपनीचा दर सीपी, नाश्ता धरूनच. मेंबर नसतो तरी मिळालाच असता. उरल्या नऊ. त्यातल्या दोन सातशे रुपये वाचवायला ट्रॅव्हल साइटवरून केल्या, तिथे मेंबरशिप लागू नाही. राहिल्या सात सकाळी. ह्या सात सकाळींसाठी मी डिसेंबरात, नाश्त्याच्या दर्जासाठी एक रात्र कमी पडत होती म्हणून, नागपूरला काम संपल्यावरही स्वतःच्या खिशातून ४६०० घालून राहिलो होतो. बायकोला हे अजून माहीत नाही.

एक मात्र कबूल करतो. चेन्नईला पहाटे चारला निघायचं होतं. मी काही मागितलं नव्हतं, तरी रात्रपाळीच्या मुलाने खोका हातात दिला: चटणी सँडविच, केळं, आणि कागदी ग्लासात वाफाळती फिल्टर कॉफी. तो खोका आठवला की राग थोडा उतरतो. ५ पैकी अडीच त्याच्यामुळे, नाहीतर दीड.

काल उत्तर आलं: 'सदिच्छा म्हणून' २००० पॉइंट. मला पॉइंट नकोत, १२९८ हवेत. परत लिहिलंय.

मेमध्ये महाबळेश्वर आहे. सीपी दर ९०० ने जास्त, पण तिघांचा नाश्ता धरून. तोच घेतला. सभासद क्रमांक टाकलाच, सवयीने.