पहिली मोठी कादंबरी: इंदूरकराने मराठीत लिहावी की हिंदीत?

घरात मराठी, शाळा हिंदी माध्यमाची, दोन्ही भाषांत थोडंफार छापून आलेलं, आणि आता एक मोठी कादंबरी हाती घ्यायचीय. इंदूरमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचं घोडं पहिल्याच पानावर अडतं. मराठीत लिहिलं तर पुण्याचा वाचक नाक मुरडेल, हिंदीत लिहिलं तर कुणीतरी 'मराठीभाषी होकर भी' अशी पाठ थोपटेल. दोन्ही भाषांचा पर्याय हाताशी असल्यामुळे एकीवरही पुरता भरवसा बसत नाही.

परंपरेकडे बघून याचा निकाल लागणार नाही. इंदुरात १९१७ साली मराठी साहित्य संमेलन झालं आणि लगेच १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन. हिंदी साहित्य समितीचं 'वीणा' मासिक १९२७ साली सुरू झालं, आणि महाराष्ट्र साहित्य सभाही याच गावातली. मुक्तिबोध बंधूंपैकी थोरले गजानन माधव हिंदीचे कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. एका घरातून दोन्ही वाटा निघाल्या आणि दोन्ही लांबवर गेल्या.

वाचकांच्या संख्येत हिंदी पुढे आहे, त्यात वाद नाही. प्रकाशकाचं अंतर मात्र सारखंच म्हणायचं. पुणे काय नि दिल्ली काय, इथून एका रात्रीचा प्रवास.

खरा फरक चुकांमध्ये आहे. आपल्या मराठीतल्या चुका दोन जातीच्या असतात. पहिली ऱ्हस्व-दीर्घाची. हिंदीत कवि, गुरु, वस्तु लिहायची सवय हाताला लागलेली असते, मराठीत मात्र कवी, गुरू, वस्तू. समासात पूर्वपद पुन्हा ऱ्हस्व होतं: कविसंमेलन, गुरुवर्य, वस्तुस्थिती. 'गरीब'चं 'गरिबाला' होतं, पण 'शरीर' तत्सम म्हणून 'शरीराला' तसंच राहतं. हे नियम मोजके आहेत. रोज तासभर दिला तर पंधरवड्यात हाताला बसतात, आणि उरलेलं मुद्रितशोधक बघतो. दुसरी जात शब्दांची, म्हणजे मराठीत शिरलेल्या हिंदी वळणाच्या प्रयोगांची. 'नाटक चांगलं लागलं', 'रस्त्यात काका मिळाले', 'तो येऊन राहिला आहे'. ही यादी साधारण चाळीस-पन्नास प्रयोगांत संपते. वहीच्या शेवटच्या पानावर ती लिहून ठेवावी. निवेदनात असे प्रयोग दुरुस्त करावेत, संवादांत मुद्दाम ठेवावेत, कारण इंदूरच्या रामबागेतली मराठी माणसं असंच बोलतात.

हिंदीतल्या आपल्या चुका जास्त चिवट. आवाज, मृत्यू, विजय, आत्मा हे चारही शब्द मराठीत पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी. 'त्याने पुस्तक आणलं' हे कानात पक्कं असल्यामुळे हातून 'उसने किताब लाई' जातं. खरं तर 'लाना'ला 'ने' लागत नाही, 'वह किताब लाया' हवं. सारखे दिसणारे शब्दही फसवतात. शिक्षा, चेष्टा, संसार, आपत्ती, राग. हिंदी वाचकाच्या दृष्टीने 'ताई' म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आपली मोठी बहीण नव्हे! इथे नियम शिकून भागत नाही, एकेक शब्द तपासावा लागतो. ज्यांचं सगळं शिक्षण हिंदीत झालंय त्यांना हा त्रास कमी होईल, हे कबूल.

हे सगळं मात्र निभावून नेता येतं. माझ्यापुरता निकाल लावला तो एका छोट्या सर्वनामाने.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही'त ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. हिंदीत दोन्हींसाठी 'हम' एकच, आणि तो पुष्कळदा एकट्या 'मी'साठीही चालतो. लेखात याने काही बिघडत नाही. कौटुंबिक कादंबरीत मात्र पानोपानी अडतं. वाडा विकायचा प्रसंग घ्या. ओटीवर सासरे बसलेत, धाकटी सून पाण्याचा तांब्या ठेवते आणि म्हणते, 'आम्ही ठरवलंय.' त्या एका शब्दात सासरे घराबाहेर पडले. तिने 'आपण ठरवलं होतं ना' म्हटलं असतं तर तेही त्या निर्णयात सामील झाले असते. हिंदीत दोन्ही ठिकाणी 'हमने तय किया'. मग फरक दाखवायला 'हम दोनों ने', 'हम सबने', किंवा सुनेच्या चेहऱ्याचं वर्णन असं काहीतरी जोडावं लागतं. वाक्य लांबतं, घाव बोथट होतो.

कुणी म्हणेल, इंदुरी हिंदीत 'अपन' आहे की. आहे, आणि तो नेमका 'आपण'च्या जागी बसतो. पण त्याचा सूर कट्ट्यावरचा, मित्रांमधला. सून सासऱ्यांशी 'अपन' म्हणाली की घराचा सगळा पोत बदलतो. शिवाय प्रमाण हिंदीचा आग्रह असलेला संपादक 'अपन'चा 'हम' करतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच. 'अहो'चंही तसंच. 'सुनिए' लिहिलं की बाई निराळ्याच घरातली वाटते.

आणखी एक गोष्ट पारडं झुकवते. आपल्या कादंबरीत घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी सुरू होणारच: रिक्षावाला, बँकेतला कारकून, सराफ्यातला दुकानदार. मराठी कादंबरीत ती हिंदी जशीच्या तशी ठेवता येते, बहुतेक मराठी वाचकांना ती समजते. हिंदी कादंबरीत आजीचं मराठी असं ठेवता येत नाही. तळटीप द्यावी लागते, नाहीतर आजीलाही हिंदीत बोलायला लावावं लागतं. म्हणजे दोन भाषांत जगणारं हे गाव मराठी पुस्तकात पुरं मावतं, हिंदीत अर्धंच. गोष्ट घरातली नसेल, गिरणीतली, कचेरीतली किंवा वसतिगृहातली असेल, तर हा मुद्दा उलटा फिरतो. तिथे माणसं एकमेकांशी हिंदीतच बोलतात आणि हिंदीतच लिहिलेलं बरं.

एवढा खल कशासाठी, तर कादंबरीचा पल्ला मोठा असतो. सत्तर हजार शब्दांचा मजकूर, दिवसाला पाचशे शब्द धरले तर एकशेचाळीस दिवसांचा कच्चा खर्डा, आणि पुनर्लेखनाला निदान तेवढेच दिवस. यातल्या प्रत्येक दिवशी 'हे वाक्य बरोबर आहे का' हा प्रश्न वीसपंचवीस वेळा पडतो, आणि विचारायला जवळ कुणी नसतं. लेखकाचा स्वतःवरचा विश्वास म्हणतात तो माझ्या मते इथे लागतो. कान स्वतःहून कौल देतो की शब्दकोश उघडावा लागतो, हे बघायचं. दर दुसऱ्या वाक्याला कोश उघडावा लागला तर तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापाशी लिहिणं थांबतं, आणि माणूस समजतो की आपल्यात दमच नाही.

ठरत नसेल तर एक चाचणी करून बघा. कादंबरीतला सगळ्यात अवघड प्रसंग निवडा, तीन माणसांचा, भांडणाचा. आधी एका भाषेत आठशे शब्द लिहा. तीन दिवस मध्ये जाऊ द्या. मग पहिला मजकूर न बघता तोच प्रसंग दुसऱ्या भाषेत लिहा. बघून लिहिलं तर भाषांतर होतं आणि चाचणी वाया जाते. आठवड्याने दोन्ही मोठ्याने वाचा, जीभ अडेल तिथे पेन्सिलीने खूण करा. नुसत्या खुणा मोजू नका, त्यांची जात बघा. 'शरीर' की 'शरिर' अशी खूण असेल तर ती नियमाने सुटेल. 'ही असं बोलणार नाही' अशा खुणा ज्या मजकुरात जास्त, ती भाषा या पुस्तकापुरती बाजूला ठेवा.

वाचून दाखवायचं असेल तर घरातल्या वडीलधाऱ्या बाईला दाखवा, साहित्यिक मित्राला नंतर. मित्र शैलीबद्दल बोलतो. आजी किंवा मावशी मधेच थांबवून सांगते, 'अगं, सून सासऱ्यांना असं नाही म्हणायची.' ती नेमकं काय म्हणेल ते तिथल्या तिथे विचारून घ्या आणि पानाच्या समासात लिहून ठेवा.