वॉरंटीच्या कागदावर बदललेला प्रोपेलर शाफ्ट

सांगलीजवळ कुपवाडच्या एमआयडीसीत माझे छोटे मशिन शॉप आहे. गोल फिरणारी वस्तू किती खरी फिरते हे पाहण्यात माझे अर्धे आयुष्य गेले आहे, आणि तरीही नेमक्या त्याच विषयात मी फसलो. म्हणूनच हा अनुभव तपशिलासह लिहीत आहे. महागडी गाडी घेतलेल्या आणि वॉरंटीच्या भरवशावर निश्चिंत असलेल्या कोणालाही तो उपयोगी पडावा, एवढीच इच्छा आहे.

2021 च्या दिवाळी पाडव्याला मी ताकदवान इंजिनाची, मागच्या चाकांवर चालणारी एक सेडान घेतली. शोरूम आणि सर्व्हिस सेंटर दोन्ही पुण्यात होते. कंपनीची वॉरंटी दोन वर्षांची होती. पहिले दोन-तीन हजार किलोमीटर होण्याच्या आतच मला एक थरथर जाणवू लागली. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागून कराडच्या दिशेने निघालो की वेग 85 च्या पुढे जाताच ती सुरू व्हायची आणि 95 च्या आसपास सर्वाधिक असायची. स्टेअरिंग शांत असे, ब्रेक लावतानाही काही फरक पडत नसे, पण सीटखालून आणि पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक, सलग कंप वर येत राही. बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उमटत, आणि आतल्या आरशात मागच्या ट्रकचे दिवे दोन-दोन दिसत.

गाडीच्या थरथरीचा उगम शोधण्याची एक साधी रीत आहे. चाकांचे बॅलन्सिंग बिघडले असेल किंवा रिम वाकली असेल तर हादरा बहुधा स्टेअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये येतो आणि तो वेगाप्रमाणे बदलतो. ब्रेकची डिस्क असमान झिजली असेल तर ब्रेक दाबल्यावरच थरथर होते. इंजिन धरून ठेवणारे माउंटिंग गेले असेल तर कंप इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलतो, गाडीच्या वेगाबरोबर नाही. मी 90 च्या वेगावर गिअर बदलून पाहिले. इंजिनाच्या फेऱ्या खाली-वर झाल्या, थरथर मात्र होती तशीच राहिली, म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, आणि माझ्या टायरचा घेर साधारण दोन मीटर असल्यामुळे या वेगात चाक सेकंदाला साडेबारा फेरे घेते. शॉपमधील कंपन मोजण्याचे यंत्र सीटच्या रुळावर ठेवले असता त्याने सेकंदाला 36 च्या आसपास कंपने दाखवली. माझ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा गाडीखालचा लांब फिरता दांडा, चाकाच्या एका फेऱ्यामागे सुमारे 2.9 फेरे घेतो. साडेबाराला 2.9 ने गुणले की जवळजवळ तोच आकडा येतो. चाके पुढची मागे आणि मागची पुढे करूनही काही बदलले नाही, तेव्हा माझा संशय शाफ्टवर पक्का झाला.

हे सर्व मी पहिल्याच भेटीत सर्व्हिस सल्लागाराला सांगितले. त्यांनी अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि जॉब कार्डवर एवढेच लिहिले : ‘गाडी हलते, बॅलन्सिंग तपासणे.’ माझी पहिली चूक इथे झाली. वेग, गिअर, रस्ता, थरथर नेमकी कुठे जाणवते यातला एकही शब्द कागदावर आला नाही आणि मी त्याखाली सही केली. पुढे कंपनीने माझ्या तक्रारीचा विचार केला तो याच चार शब्दांवरून. आपली तक्रार आपल्याच शब्दांत जॉब कार्डवर उतरवून घेतल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नये, हे मी फार उशिरा शिकलो.

पुढच्या भेटी मी थोडक्यात सांगतो, कारण त्या सारख्याच होत्या. मार्च 2022 मध्ये चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाले आणि ही कामे वॉरंटीत येत नसल्याने त्यांचे पैसे मी भरले. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झाले. जानेवारी 2023 मध्ये मागच्या टायरवर सपाट डाग पडले आहेत असे सांगण्यात आले, आणि टायरची हमी टायर कंपनीची वेगळी असते, ती अशा डागांना लागू नाही, असे म्हणून दोन नवे टायर माझ्याच खर्चाने बसवण्यात आले. सांगलीकडे परतताना साताऱ्याच्या अलीकडेच थरथर पुन्हा सीटखाली होती. प्रत्येक वेळी चाचणी शहरातल्या गर्दीत, पन्नास-साठच्या वेगाने घेतली जाई आणि शेरा पडे : ‘दोष आढळला नाही.’ एकदा तर ‘सर, तुमच्याकडचे रस्तेच तसे आहेत’ असेही ऐकून घ्यावे लागले. पेठ-सांगली रस्त्याची तेव्हाची अवस्था मी नाकारत नाही. पण खड्ड्याचा हादरा आणि ठरावीक वेगावर येणारा ठरावीक कंप यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने दोन्हीविषयी बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एप्रिल 2023 मध्ये मिरज रस्त्यावरील माझ्या विश्वासातल्या मिस्त्रींच्या लिफ्टवर आम्ही गाडी घेतली. एका जड लोखंडी स्टँडला डायल गेज, म्हणजे बारीकसा फरकही काट्यावर दाखवणारे मापयंत्र, लावला, मिस्त्रींनी मागचे चाक हाताने सावकाश फिरवले आणि मी काट्याकडे पाहत राहिलो. मधल्या बेअरिंगजवळ शाफ्ट सव्वा मिलिमीटर बाहेर पळत होता. मिनिटाला दोन हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या शाफ्टला एवढी वाकडी चाल मी माझ्या शॉपमधून बाहेर जाऊ दिली नसती. काटा जिथे सर्वात पुढे गेला तिथे, रोजच्या सवयीने, मी पांढऱ्या पेंट मार्करने दोन आडव्या रेघा मारल्या आणि शेजारी 1.25 असा आकडा लिहिला. फोटो काढला. ती खूण मी कोणावर पाळत ठेवण्यासाठी केली नव्हती. वाकलेल्या जॉबवर, म्हणजे शॉपमध्ये कामाला घेतलेल्या वस्तूवर, आम्ही अशीच खूण करतो.

तो फोटो पाहिल्यावर सर्व्हिस सेंटरचा सूर बदलला. जूनमध्ये गाडी नऊ दिवस त्यांच्याकडे होती. परत मिळाली तेव्हा बिलावर ‘प्रोपेलर शाफ्ट बदलला, वॉरंटी’ असे लिहिले होते आणि माझ्याकडून घ्यायची रक्कम शून्य होती. जुना शाफ्ट पाहायला मागितला, तर वॉरंटीत काढलेला भाग कंपनीकडे परत जातो, तो आधीच पाठवला आहे, असे उत्तर मिळाले. वॉरंटीत बदललेला भाग कंपनी आपल्याकडे घेते हे खरे आहे आणि म्हणूनच मला शंका आली नाही. त्याच वेळी मोबाइलवर आलेला ओटीपी मला विचारण्यात आला. तो ‘ग्राहक समाधानी, तक्रार बंद’ यासाठीचा होता, हे मला पुढे कंपनीच्या पत्रातून समजले.

कराडच्या जवळ आलो आणि थरथर आली. फोन केला. ‘नवीन शाफ्ट आहे सर, हजार-दीड हजार किलोमीटर चालू द्या, बसेल.’ शाफ्ट बसत वगैरे काही नसतो, हे मला ठाऊक होते. तरीही मी गप्प राहिलो, कारण नवा शाफ्ट घातल्यावरही थरथर कायम असेल तर माझेच निदान चुकले असावे, असे मला वाटू लागले. या फसवणुकीने पैशापेक्षा मोठे नुकसान केले ते हे, की ज्या कामावर माझे घर चालते त्यातल्या माझ्या नजरेवरच मी अविश्वास दाखवू लागलो. ऑक्टोबरमधल्या पाचव्या भेटीत ‘या गाडीचा हा स्वभावच आहे’ असा शेरा मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये वॉरंटी संपली.

डिसेंबरमध्ये सायलेन्सरच्या एका किरकोळ कामासाठी गाडी पुन्हा मिस्त्रींच्या लिफ्टवर गेली. त्यांनी टॉर्च खालून वर धरला, कपड्याने शाफ्टवरचा चिखल पुसला आणि मला हाक मारली. “मालक, हिकडं या. ही खूण तुमचीच न्हवं?” चिखलाखाली दोन आडव्या रेघा होत्या आणि शेजारी माझ्याच हस्ताक्षरात 1.25. रंग थोडा पिवळा पडला होता, एवढेच. शाफ्ट जोडणाऱ्या बोल्टवर पान्याचा ओरखडासुद्धा नव्हता. तो कधी उतरवलाच गेला नव्हता. मी बराच वेळ काही बोललो नाही. मिस्त्रींनी मात्र तेवढ्यात आपल्या मुलाला बोलावून, त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी धरून, व्हिडिओ काढून घेतला, आणि आज माझ्या प्रकरणाचा तोच मुख्य आधार आहे.

सर्व्हिस सेंटरने फोन उचलणे थांबवले. कंपनीला ईमेल केला, तर उत्तर आले की नोंदीनुसार शाफ्ट बदललेला आहे, ग्राहकाने समाधान नोंदवलेले आहे आणि वॉरंटी संपलेली असल्याने पुढील दुरुस्ती सशुल्क राहील. वॉरंटी चालू असताना मी एकही तक्रार लेखी केली नव्हती. सगळे फोनवर आणि समोरासमोर बोललो होतो. कंपनीला त्याच वेळी चार ओळींचा ईमेल गेला असता, तर आज ‘तक्रार वॉरंटीच्या मुदतीतली आहे’ हे सिद्ध करण्यासाठी जॉब कार्डांच्या प्रती शोधत बसावे लागले नसते.

मी प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीने तिथेही तेच उत्तर पाठवले. मग वकिलांमार्फत सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात गेलो. शोरूम पुण्यात असताना इथे दावा कसा चालेल, असे अनेकांनी विचारले. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते आणि वस्तूसाठी दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्याच कक्षेत येते. 20 ते 50 लाखांच्या टप्प्यासाठी शुल्क 1000 रुपये आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तडजोडीच्या आश्वासनांवर ती कशी निघून जाते हे मी स्वतः अनुभवता-अनुभवता वाचलो. आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. गाडी फर्मच्या नावावर घे, असा सल्ला मला खरेदीच्या वेळी मिळाला होता. मी ती स्वतःच्या नावावर घेतली हे बरेच झाले, कारण व्यावसायिक हेतूने घेतलेली वस्तू असेल तर घेणारा सहसा ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि विरुद्ध पक्षाने पहिला वाद याच मुद्द्यावर घालण्याचा प्रयत्न केला.

दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवण्याचा अधिकार आयोगाला आहे. आम्ही तसा अर्ज दिला आहे आणि त्यावर आदेश व्हायचा आहे. तोपर्यंत शाफ्ट काढायचा नाही, असे वकिलांनी बजावले आहे. नवा शाफ्ट घालून ही थरथर एका दिवसात थांबवणे मला आणि मिस्त्रींना सहज शक्य आहे, पण पुरावा गाडीखालीच असल्यामुळे ती तशीच चालवावी लागते. कुपवाड ते घर, क्वचित मिरज, आणि वेग सत्तरच्या आत. त्या दोन रेघांवर मिस्त्रींनी पारदर्शक चिकटपट्टी लावून दिली आहे, आणि दर महिन्याला लिफ्टवर घेऊन ती शाबूत आहे ना, हे आम्ही दोघे पाहतो.