कोर्टात दावा की जागेवर ठिय्या?

तेल, वायू किंवा कोळशाचा नवा प्रकल्प अडवायचा तर न्यायालयात जायचं की जागेवरच ठाण मांडायचं?

न्यायालयाची ताकद अशी की एक निकाल पुढच्या कित्येक प्रकल्पांना लागू होतो. 2024 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सरे परगण्यातल्या तेलविहिरींची परवानगी बेकायदा ठरवली, कारण ते तेल जाळल्यावर होणारं उत्सर्जन परवानगी देताना विचारातच घेतलं नव्हतं. त्याच आधारावर 2025 च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या न्यायालयाने उत्तर समुद्रातल्या रोझबँक आणि जॅकडॉ या तेल-वायू क्षेत्रांच्या मंजुऱ्याही बेकायदा ठरवल्या. पण निकाल फिरतातही. शेल या तेल कंपनीने 2030 पर्यंत उत्सर्जन 45 टक्के घटवावं हा 2021 चा डच आदेश 2024 मध्ये अपिलात रद्द झाला.

ठिय्या आंदोलनाचा परिणाम लगेच दिसतो, किंमतही लगेच मोजावी लागते: अटक, खटले, मारहाण. अमेरिकेतल्या स्टँडिंग रॉक या मूलनिवासींच्या वस्तीजवळ 2016 मध्ये त्यांच्या पाण्याला धोका ठरणाऱ्या तेलाच्या पाइपलाइनविरोधात हजारो माणसं जमली, डिसेंबरात पाइपलाइनची परवानगी अडली. सरकार बदललं आणि 2017 मध्ये तेल वाहू लागलं. लोक हरले, पण मूलनिवासींचा पाण्यावरचा हक्क जगाला कळला. मला ती लहान गोष्ट वाटत नाही.

जर्मनीतलं हांबाख जंगल मात्र दोन्हींमुळे टिकलं. कोळसा खाणीविरोधात माणसं 2012 पासून झाडांवर राहत होती, म्हणून 2018 मध्ये न्यायालयाची तोडबंदी आली तेव्हा वाचवायला झाडं उरली होती. दावा दाखल करणाऱ्यांनी मनाई हुकुमापर्यंत जागा कोण राखणार, हे आधी ठरवावं.