चाळिशीतला क्वार्टरबॅक: जड वजनं की रबरी पट्टे?

क्वार्टरबॅक म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून चाल चालवणारा खेळाडू. त्यातल्याच टॉम ब्रेडीने ४३व्या वर्षी, फेब्रुवारी २०२१मध्ये, टँपा बे संघासाठी सुपर बोल, म्हणजे तिथल्या लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याचा भर रबरी पट्ट्यांवर होता, म्हणून जड वजनं सोडून द्यायची का?

खांद्यापुरतं तरी पट्टेच बरे. कोपर ९० अंशांत, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये गुंडाळलेला टॉवेल, आणि पट्टा ताणत हात सावकाश बाहेर: १५ ते २० वेळा. टॉवेल खाली पडला की समजावं, कोपर सुटलं. मग छोट्या स्नायूंचं काम वरचा मोठा स्नायू ओढून नेतो आणि व्यायाम वाया जातो. उलट बेंच प्रेसचा (बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलण्याचा) अतिरेक आणि पाठीच्या व्यायामाकडे दुर्लक्ष झालं, तर छाती आखडते, खांदे पुढे येतात. फेकताना हात मागे पुरेसा जात नाही, मग कोपरावर ताण येतो.

पण चेंडूचा जोर पाय आणि कमरेतून येतो. तिथे पट्टे तोकडे पडतात. वयाबरोबर घटणारी ताकद टिकवायला जड वजनांचे स्क्वॉट (वजन घेऊन बैठका), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) हवेतच: आठवड्यातून दोनदा, ५-६ वेळांचे ३ सेट, दम पूर्ण संपायच्या आत थांबून. जुलैअखेर सराव शिबिर सुरू झालं की सेट कमी करावेत, वजन नव्हे.